यंत्राला माणसाची भाषा शिकवणाऱ्या हॉपरबाई

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आज आपल्याला जरा लांब जायचं आहे, थेट अमेरिकेला. विषय आहे कॉम्प्युटरचा. "आम्हाला काय करायचंय त्याचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट हिशेबाच्या वहीची आहे, नक्कल उतरवताना होणाऱ्या चुकांची आहे आणि परक्या भाषेमुळे दाराबाहेर थांबलेल्या माणसांची आहे. या तिन्ही गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत.

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली आता अकरावी-बारावीला, डिप्लोमाला, बीएस्सीला कॉम्प्युटर विषय घेतात. तिथे 'सी' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात. मुलगी प्रयोगशाळेत बसते, फळ्यावरचा प्रोग्रॅम बघून टाइप करते, आणि स्क्रीनवर चुकांची इंग्रजी यादी येते. संध्याकाळी घरी येऊन म्हणते, "आई, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी मराठी शाळेतली." आईला त्यातलं काही ठाऊक नसतं, म्हणून ती गप्प बसते. आज मला त्या आईच्या हातात काहीतरी द्यायचं आहे. त्यासाठी ऐंशी वर्षं मागं जाऊ.

भोकांची भाषा

साल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक अजस्र यंत्र होतं, त्याचं नाव मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, सुटे भाग साडेसात लाख. आपल्या शाळेची एक वर्गखोली त्याला पुरली नसती. नौदलाला लागणारी मोठमोठी गणितं ते रात्रंदिवस करायचं.

पण त्याला काम सांगायचं कसं? यंत्राला ना इंग्रजी कळायचं, ना दुसरी कुठली भाषा. कागदाची लांब पट्टी असायची, तिच्यावर ठरावीक जागी भोकं पाडायची. इथे भोक आहे की नाही, एवढंच यंत्राला समजायचं. 'ही संख्या घे, ती तिच्यात मिळव, उत्तर तिकडे ठेव' हे सगळं भोकांच्या खुणांत लिहावं लागायचं. एक भोक चुकलं की अख्खं गणित चुकलं.

या यंत्रावर काम करायला त्या वर्षी एक शिक्षिका आल्या. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, म्हणून मी त्यांना हॉपरबाईच म्हणणार आहे.

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६चा, न्यूयॉर्क शहरातला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी घरातलं घड्याळ उघडलं. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. असं करत घरातली सातही घड्याळं खोलून झाली. आईनं त्यांना मारलं नाही. एक घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, काय करायचं ते याच्यावर कर. पुढे त्या गणित शिकल्या, व्हासार नावाच्या मुलींच्या कॉलेजात गणित शिकवू लागल्या आणि १९३४ साली येल विद्यापीठाची पीएचडी मिळवली.

युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त भरलं, वजन कमी भरलं. त्यांनी खास परवानगी मिळवली आणि भरती झाल्या. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या आणि तिथून थेट मार्क वनसमोर उभ्या राहिल्या. तेव्हा त्या सदतीस वर्षांच्या होत्या. नवीन शिकायचं वय निघून गेलं, असं आपल्यातल्या ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वहीतली नक्कल

यंत्राला भोकांच्या खुणांत काम लिहून देणं फार वेळखाऊ होतं. एखाद्या गणिताची रीत एकदा नीट जमली की ही माणसं ती आपल्या वहीत उतरवून ठेवायची. दुसऱ्याला तीच रीत लागली की तो वही मागून घ्यायचा आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये तिची नक्कल करायचा. आपल्याकडे एका गटाची लोणच्याच्या मसाल्याची वही दुसऱ्या गटात जाते, तसंच.

यात हॉपरबाईंना दोन अडचणी दिसल्या.

पहिली अडचण नकलेची. माणूस बघून उतरवताना चुकतो. घाईत लिहिलेला इंग्रजी 'बी' पुढच्याला तेरा वाटायचा. आपल्या वहीत १ चा ९ होतो ना, तसा.

दुसरी अडचण जरा समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. समजा आपल्या गटाची एक जुनी वही आहे. तिच्यात पहिल्या पानापासून कर्जवाटपाची रीत लिहिली आहे. मध्ये मध्ये लिहिलंय, 'पान ४ पाहा', 'पान ७ पाहा'. आता ही सगळी रीत नव्या मोठ्या रजिस्टरमध्ये उतरवायची आहे, आणि तिथली पहिली पन्नास पानं आधीच भरली आहेत. मग 'पान ४ पाहा' हे तसंच उतरवून चालेल का? नाही चालणार. तिथं 'पान ५४ पाहा' लिहावं लागेल. ७ चे ५७ होतील. प्रत्येक आकड्यात पन्नास मिळवायचे. एका ठिकाणी विसरलं की वाचणारी भलत्याच पानावर जाते. यंत्राचंही असंच व्हायचं, कारण त्याच्या आतल्या प्रत्येक जागेला असाच नंबर होता.

आता गंमत बघा. हुशार हुशार माणसं नकलेत चुकत होती आणि बेरजेत चुकत होती. आणि त्यांच्यासमोर जे यंत्र उभं होतं त्याला नेमकं काय चांगलं येत होतं? नक्कल आणि बेरीज. हॉपरबाईंनी विचार केला, मग हे काम यंत्रालाच का देऊ नये?

संकलन करणारा प्रोग्रॅम

युद्ध संपलं. १९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया शहरातल्या एका नव्या कंपनीत गेल्या. एकर्ट आणि मॉकली या दोघांची ती कंपनी, आणि तिथे युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर तयार होत होता. १९५१-५२ मध्ये हॉपरबाईंनी तिथे एक प्रोग्रॅम तयार केला. त्याचं नाव ए-झिरो.

तपासून झालेल्या सगळ्या रीती त्यांनी चुंबकीय फितीवर साठवल्या, आपल्या कॅसेटच्या टेपसारखीच ती फीत. प्रत्येक रीतीला नंबर दिला, वाचनालयातल्या पुस्तकाला असतो तसा. आता माणसानं फक्त सांगायचं, मला अमुक नंबर हवा, त्यानंतर तमुक नंबर हवा. यंत्र स्वतःच फितीवरून त्या रीती शोधायचं, ओळीनं मांडायचं, पानांचे नंबर बदलायची ती बेरीज करायचं आणि सलग चालणारा प्रोग्रॅम तयार करून द्यायचं.

ठिकठिकाणचं साहित्य गोळा करून एकत्र मांडणं, याला आपण संकलन म्हणतो. इंग्रजीत संकलन करणाऱ्याला कंपायलर म्हणतात. म्हणून या प्रोग्रॅमचं नाव पडलं कंपायलर. मराठीत त्याला संकलक म्हणतात.

एक अडचण मात्र राहिली होती. वाचता वाचता 'पुढे अमक्या पानावर जा' असं आलं, आणि ते पान अजून लिहिलंच गेलेलं नसलं, तर नंबर काय घालणार? हॉपरबाई कॉलेजात बास्केटबॉल खेळायच्या. पुढच्या खेळाडूकडे थेट चेंडू देता येत नसेल, तर मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यातल्या गड्याकडे द्यायचा, मग तो पुढे पोचवतो. त्यांनी यंत्राच्या साठवणीत तसाच एक कोपरा राखून ठेवला. नंबर माहीत नसला की कोपऱ्यात चिठ्ठी ठेवायची, आणि ते पान आलं की चिठ्ठीवर नंबर भरायचा. खेळाच्या मैदानावरची अक्कल गणिताच्या कामी आली.

यंत्र चालू लागलं, पण लोकांचा विश्वास बसेना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं त्यांना सांगण्यात आलं. चालता कंपायलर हातात असून त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं, असं हॉपरबाई पुढे सांगायच्या. १९५२ साली त्यांनी या विषयावर एक निबंध वाचला. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'कॉम्प्युटरचं शिक्षण'. शिक्षिकेलाच सुचावं असं नाव आहे ते.

इथे खरं ते सांगितलं पाहिजे. आजचे जाणकार म्हणतात की ए-झिरो हा पुरा कंपायलर नव्हता, ती सुरुवातीची पायरी होती. इंग्लंडात मँचेस्टरला अ‍ॅलिक ग्लेनी नावाचे गृहस्थ १९५२ मध्येच असंच काम करत होते. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटानं १९५७ साली फोरट्रान ही भाषा आणि तिचा कंपायलर बाहेर काढला, आणि यंत्रानं केलेलं भाषांतर हातानं लिहिलेल्याच्या तोडीचं असू शकतं हे दाखवून दिलं. त्या गटातही एक बाई होती, लॉइस हायट. ती व्हासार कॉलेजातच शिकलेली.

हॉपरबाईंच्या आधी वाट दाखवणारी आणखी एक बाई होती, बेटी होल्बर्टन. बेटी पहिल्या दिवशी गणिताच्या वर्गात गेली तेव्हा प्राध्यापकांनी तिला विचारलं होतं, घरी बसून मुलं का सांभाळत नाहीस? तिनं गणित सोडून पत्रकारितेचा अभ्यास केला. पण युद्धात गणित येणाऱ्या मुली हव्या होत्या, म्हणून तिला घेतलं. एनिॲक नावाच्या मोठ्या यंत्राचं प्रोग्रॅमिंग सहा मुलींनी केलं, त्यातली ही एक. १९४६च्या फेब्रुवारीत एनिॲकचा मोठा सोहळा झाला, पण रात्रीच्या जेवणाचं बोलावणं त्या सहा जणींना नव्हतं. पुढे १९५१ साली बेटीनं युनिव्हॅकसाठी एक प्रोग्रॅम लिहिला, जो माहितीची वर्गवारी करणारे दुसरे प्रोग्रॅम स्वतः तयार करायचा. प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम असू शकतो, हे हॉपरबाईंनी तिच्या कामात पाहिलं होतं.

दुभाष्याच्या दोन रीती

आता कंपायलर म्हणजे नेमकं काय, ते आपल्या भाषेत सांगते.

समजा तालुक्याला फक्त तमिळ बोलणारे एक पाहुणे आले. त्यांना दुग्धव्यवसायावर बोलायचं आहे. ते एक वाक्य बोलतात, दुभाषी ते मराठीत सांगतो. मग दुसरं वाक्य. उद्या दुसऱ्या गावात सभा असली तर दुभाष्याला पुन्हा सोबत न्यावं लागतं. ही झाली एक रीत. कॉम्प्युटरच्या जगात असं ओळीओळीनं समजावणाऱ्याला इंटरप्रिटर म्हणतात. मुलींना कॉलेजात पायथन नावाची भाषा शिकवतात, ती या रीतीच्या जवळची.

दुसरी रीत अशी. पाहुण्यांचं सगळं भाषण आधी कागदावर घ्यायचं, त्याचं पूर्ण भाषांतर करायचं, पत्रक छापायचं आणि गावोगाव वाटायचं. आता दुभाषी घरी गेला तरी चालतं. वाचणारीला थांबावं लागत नाही, म्हणून काम झपाट्यानं होतं. मात्र भाषणात एक शब्द बदलायचा असेल तर पुन्हा भाषांतर आणि पुन्हा छपाई. ही कंपायलरची रीत. सी, कोबॉल, रस्ट या अशा भाषा आहेत.

या दुसऱ्या रीतीत आणखी एक फायदा असतो. भाषांतर करणारा आधी सगळा कागद वाचतो. एखाद्या वाक्याचा अर्थ लागत नसेल, तर छापण्याआधीच तो सांगतो, बाराव्या ओळीत घोटाळा आहे. मुलीच्या स्क्रीनवर जी यादी येते ती हीच. हे लक्षात असू द्या, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तीन भाषांतला प्रयोग

हॉपरबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी पाहिलं की गणिताच्या लोकांना चिन्हं आवडतात, पण दुकानाचा माल, पगारपत्रक, भाव, साठा सांभाळणाऱ्या लोकांना चिन्हं बघूनच धडकी भरते. त्या लोकांना हिशेब उत्तम कळतो, फक्त तो ते शब्दांत सांगतात. मग त्यांनी गणिती का व्हायचं? त्यांच्याच शब्दांत यंत्राला काम सांगता का येऊ नये?

'साठा वाच. भाव वाच. साठ्याला भावानं गुण. सगळ्यांची बेरीज लिही.' अशा धाटणीची वाक्यं इंग्रजीत लिहायची आणि कंपायलरनं त्यांचं भाषांतर यंत्राच्या भाषेत करायचं, अशी त्यांची कल्पना होती. कंपनीच्या लोकांनी सांगितलं, जमणार नाही, कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही.

१९५५च्या सुमाराला हॉपरबाईंनी वरिष्ठांना एक लहान नमुना दाखवला. आधी इंग्रजी शब्दांत लिहिलेला प्रोग्रॅम चालवला. मग तोच प्रोग्रॅम फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांत लिहून चालवून दाखवला. त्यांना वाटलं, वरिष्ठ खूश होतील. झालं उलटंच. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन कळेलच कसं, म्हणून ते बिथरले. त्यांची समजूत काढता काढता हॉपरबाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी, आम्ही फक्त इंग्रजीच वापरू, असं कबूल करून त्यांना पैसे मिळवावे लागले.

मैत्रिणींनो, या प्रसंगाचा अर्थ नीट बघा. यंत्राच्या लेखी इंग्रजी अक्षरंसुद्धा नुसत्या खुणाच. 'अ‍ॅड' हा शब्द आला की बेरीज करायची, असं एका तक्त्यात लिहून ठेवलं की झालं. त्या तक्त्यात 'अ‍ॅड'च्या जागी 'मिळव' लिहिलं असतं तरी यंत्रानं तक्रार केली नसती. प्रोग्रॅमिंगमध्ये इंग्रजी शब्द आले ते यंत्राला इंग्रजी येतं म्हणून आले नाहीत. यंत्र बनवणाऱ्यांची आणि पैसे देणाऱ्यांची भाषा इंग्रजी होती म्हणून आले. इंग्रजी येत नाही म्हणून कॉम्प्युटर आपल्याला झेपणार नाही, असं वाटणाऱ्या प्रत्येक मुलीला हे माहीत असायला हवं.

या प्रयत्नातून जी भाषा तयार झाली तिचं नाव फ्लो-मॅटिक.

कोबॉल

तोवर अमेरिकेत वेगवेगळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर आले होते आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेला पगाराचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. यंत्र बदललं की सगळं पहिल्यापासून. एकट्या अमेरिकन संरक्षण खात्याकडे दोनशेहून जास्त कॉम्प्युटर होते, म्हणजे तिथे हा खर्च केवढा असेल बघा.

यावर सगळ्यांनी मिळून एक सामाईक भाषा करावी, ही हाक दिली मेरी हॉज नावाच्या बाईंनी. १९५९च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात छोटी बैठक झाली, आणि मे महिन्यात संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, पेंटागॉनमध्ये, सुमारे चाळीस जणांची मोठी बैठक झाली. समिती नेमली गेली. भाषेचा तपशील ज्या सहा जणांनी बसून लिहिला त्यांत दोन बाया होत्या, जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टिअर्नी. हॉपरबाई सल्लागार होत्या, आणि त्यांची फ्लो-मॅटिक हा या नव्या भाषेचा मोठा आधार होता. भाषेचं नाव ठेवलं कोबॉल. त्यातल्या 'बी'चा अर्थ बिझनेस, म्हणजे धंदा-व्यवहार. हॉपरबाईंना पुष्कळ लोक कोबॉलची आई म्हणतात. आजी म्हटलं तर जास्त शोभेल, कारण आया बऱ्याच जणी होत्या.

६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी परीक्षा झाली. एकच कोबॉल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या यंत्रांवर चालवला, आणि तो दोन्हींवर चालला. माणसानं एकदाच लिहायचं, प्रत्येक यंत्राच्या कंपायलरनं आपापल्या यंत्राच्या भाषेत ते उतरवायचं. भाषांतराचं ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरून यंत्राच्या डोक्यावर गेलं.

कोबॉलमध्ये बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांचे हिशेब लिहिले गेले, आणि जगात कितीतरी ठिकाणी ते अजून चालू आहेत. त्याचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंतही येतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहायचे, १९६५चं नुसतं ६५. सन २००० जवळ आल्यावर प्रश्न पडला, ०० म्हणजे १९०० की २०००? व्याज, वय, मुदत, सगळंच चुकलं असतं. जगभरचे हे जुने प्रोग्रॅम तपासून दुरुस्त करायचं मोठं काम भारतातल्या कंपन्यांनी केलं, त्यांत मुंबई-पुण्याच्याही होत्या. कितीतरी मुलामुलींची पहिली नोकरी त्या कामातली होती. चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ त्यांना वाचता आली, कारण ती शब्दांत लिहिलेली होती.

हॉपरबाईंनी १९६६ मध्ये नौदलातून निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी नौदलानं त्यांना परत बोलावलं, आणि त्या १९८६ पर्यंत काम करत राहिल्या. शेवटची निवृत्ती घेतली तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या आणि रिअर अ‍ॅडमिरलच्या हुद्द्याला पोचल्या होत्या. भाषणाला जाताना सोबत तारेचे तुकडे घेऊन जायच्या, शाळेच्या फूटपट्टीएवढे. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, असं सांगून तो तुकडा ऐकणाऱ्याच्या हातात द्यायच्या. त्यांच्या कचेरीतलं घड्याळ उलटं फिरायचं. 'आजवर असंच करत आलोय' हे वाक्य त्यांना अजिबात खपायचं नाही. १ जानेवारी १९९२ रोजी त्या वारल्या.

आता आपल्या लेकीकडे

आता त्या आईकडे येऊ, जिची मुलगी म्हणाली होती की मी मराठी शाळेतली.

पहिली गोष्ट. सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२च्या आसपास तयार केली. तिचं १९८९ साली जे प्रमाण रूप ठरलं, त्यात राखीव शब्द किती आहेत? फक्त ३२. 'इफ', 'एल्स', 'व्हाइल', 'रिटर्न' असे छोटे छोटे शब्द. बँकेचा व्यवहार करता करता आपण बॅलन्स, पासबुक, नॉमिनी, विथड्रॉल, केवायसी असे कितीतरी शब्द शिकलो. सुरुवात करायला मुलीला अख्खी इंग्रजी भाषा लागत नाही, हे ३२ शब्द आणि थोडे नेहमीचे लागतात, आणि तेही पहिल्या दिवशी पाच-सहाच.

दुसरी गोष्ट. कंपायलर विकत घ्यावा लागेल ही भीती नको. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी नावाचा कंपायलर सगळ्यांसाठी मोफत खुला केला, आणि तो आजही मोफत मिळतो. पहिला प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी एकच असतो, स्क्रीनवर नमस्काराची एक ओळ उमटवायची. ती ओळ मराठीतही उमटवता येते. कॉम्प्युटरवर आपली लिपी यावी म्हणून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं मोठं काम केलं आहे. जगभर चालणाऱ्या युनिकोड या अक्षरांच्या तक्त्यात देवनागरी १९९१ पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे. हुकमाचे शब्द इंग्रजी असले तरी मुलगी जे सांगू बघते ते मराठीत असू शकतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कामाची. आईला कॉम्प्युटर येत नसला तरी ती मुलीला हे सांगू शकते.

चुकांची यादी लांबलचक आली तर घाबरायचं नाही. सी भाषेत बहुतेक वाक्यांच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. तो एका ठिकाणी राहिला तरी पुढच्या पाच-दहा ओळींचा अर्थ कंपायलरला लागत नाही आणि तो दहा चुका दाखवतो. खरी चूक एकच असते. म्हणून यादीतली सगळ्यांत वरची चूक तेवढी बघायची. तिच्यापुढे ओळीचा नंबर दिलेला असतो. त्या ओळीवर जायचं, तिथे काही दिसलं नाही तर तिच्या वरची ओळ बघायची. एक चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं. यादी आपोआप आखडते.

आपण गटाचं रजिस्टर जुळवतो तेव्हा काय करतो? शेवटची बेरीज जुळली नाही म्हणून सगळं रजिस्टर फाडत नाही. पहिल्या पानापासून बघतो, पहिली चूक सापडली की ती सुधारतो आणि पुन्हा बेरीज करतो. पुढच्या पानांवरचे बरेचसे घोटाळे त्या एकाच चुकीमुळे झालेले असतात. हेच काम आहे ते. ज्या आईनं रजिस्टर जुळवलंय तिला चूक शोधायची रीत आधीच येते.

आणि यादी आली म्हणजे यंत्रानं आपल्याला नापास केलं, असं मुळीच नाही. चुकीचं पत्रक गावभर वाटलं जाण्याआधी दुभाष्यानं हळूच येऊन सांगितलं, ही ओळ बघून घ्या, एवढंच झालं. माणसाची वेळखाऊ चूक यंत्रानं लवकर धरावी म्हणूनच तर हे भाषांतराचं काम त्याच्यावर सोपवलं गेलं.

पुढच्या बैठकीत गटानं दोन गोष्टी कराव्यात. आपल्या गावातल्या किती मुली कॉम्प्युटर शिकतायत, त्यांची नावं काढा, आणि त्यातली एखादी शिकायचं सोडायच्या बेतात असेल तर तिला बैठकीत बोलावून बोलतं करा. दुसरं, गटाच्या कामात असे कोणते कागद येतात जे परक्या भाषेत असल्यामुळे आपण न वाचताच सही करतो, त्यांची यादी करा. तो कागद आपल्या भाषेत मागायचा ठराव लिहा. भाषांतराचं ओझं कुणी उचलायचं, हा प्रश्न हॉपरबाईंनी यंत्रासमोर उभं राहून विचारला होता. आपण तो कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहून विचारू.

आजच्यापुरतं एवढंच. यादी घेऊन भेटू. नमस्कार.